दिवा विकणाऱ्यानेच तो परत घ्यावा
(मागणीपत्र)

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. आयुक्त व मुख्याधिकारी, सर्व महानगरपालिका व नगरपरिषदा
दिवे बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : घरातील निकामी सीएफएल, ट्यूबलाइट व एलईडी दिवे परत घेण्याची आणि त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावण्याची व्यवस्था उभी करण्याबाबत.

महोदय,

गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, घरोघर जाऊन कचरा उचलणारे कामगार आणि इमारतींची विजेची कामे करणारे वायरमन अशी आमची एकत्र संघटना आहे. एरवी या तिघांची गाठ पडते ती बहुधा एकमेकांविषयीच्या तक्रारी घेऊन. या प्रश्नावर मात्र तिघांचे म्हणणे एक आहे, म्हणून हे मागणीपत्र तिघांच्या सहीने देत आहोत.

घरातली ट्यूब गेली किंवा सीएफएल बल्ब उडाला की तो कुठे द्यायचा, हे आज सामान्य माणसाला माहीत नाही. माहीत करून घ्यायचे ठरवले तरी सांगणारे कोणी भेटत नाही. वॉर्ड ऑफिसात विचारले तर घंटागाडीत द्या म्हणतात, घंटागाडीवरची बाई म्हणते आम्हाला काच घ्यायला मनाई आहे, भंगारवाला म्हणतो याचे काही येत नाही. मग ती ट्यूब जिन्याखाली उभी राहते आणि एक दिवस कोणाच्या तरी धक्क्याने फुटते. आमची मुख्य मागणी एका वाक्यात सांगता येते: दिवा जिथे विकला जातो तिथेच तो परत घेतला जावा, आणि परत घेण्याचा खर्च तो बनवणाऱ्याने सोसावा. बाकीच्या मागण्या या एकीच्या आधाराने उभ्या आहेत.

आमचा विरोध कशाला नाही

ऊर्जाबचतीला आमचा विरोध आहे असा कोणी अर्थ काढू नये. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज 5 तास लावला तर वर्षाला सुमारे 110 युनिट वीज खातो. तेवढाच उजेड देणारा 14 वॅटचा सीएफएल साधारण 26 युनिटमध्ये भागवतो आणि 9 वॅटचा एलईडी 16-17 युनिटमध्ये. तांब्याच्या चोकवर चालणारी 40 वॅटची ट्यूब चोकसकट 50 ते 55 वॅट घेते. तिच्या जागी 20 वॅटची एलईडी पट्टी बसवली की काम होते. महाराष्ट्राची वीज आजही मोठ्या प्रमाणात कोळशावर चालते आणि कोळशातही पारा असतो, तो जळताना चिमणीवाटे हवेत जातो. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्राच्या परिसरात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे तिकडचा थोडा कोळसा वाचतो, ही गोष्ट खरी आहे आणि मोलाची आहे.

या बचतीसाठी सरकारने पूर्वी कष्ट घेतले आहेत. 2009 साली ‘बचत लँप योजना’ आली. जुना बल्ब द्या आणि 15 रुपयांत सीएफएल न्या, अशी ती योजना होती. 2015 पासून ‘उजाला’ योजनेत देशभर 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. लोकांनी वीजबिल हातात धरून रांगा लावल्या. वाटपासाठी जशी यंत्रणा उभी राहिली तशी निकामी दिवे परत घेण्यासाठी आमच्या भागात आजतागायत उभी राहिलेली नाही. आमचे भांडण या उणिवेशी आहे.

दिव्यात काय असते आणि फुटल्यावर काय होते

ट्यूब आणि सीएफएल यांचे तत्त्व एकच. काचेच्या नळीत थोडा पारा असतो. वीज वाहू लागली की त्याच्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतून लावलेली पांढरी भुकटी त्या किरणांचा दिसणारा उजेड करते. पारा काढला तर हा दिवा लागणारच नाही. सीएफएलमध्ये पारा किती असावा याची, पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारातली जुनी कमाल मर्यादा 5 मिलिग्रॅम होती. जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याहून जास्त पारा असे.

5 मिलिग्रॅम म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढा. नळी धड आहे तोवर त्याचा कोणालाही उपद्रव नाही. ती फुटली की काही पारा वाफ होऊन खोलीत पसरतो आणि काही त्या पांढऱ्या भुकटीला चिकटून फरशीच्या फटीत, चटईत, कपड्यांत जाऊन बसतो व पुढे हळूहळू उडत राहतो. पाऱ्याची वाफ श्वासातून रक्तात जाते. मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे यांना तिचा त्रास होतो; गर्भातले बाळ आणि लहान मुले यांना जास्त. कचऱ्याच्या ढिगातून पारा पाण्यात उतरला की तिथले जिवाणू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांत साठत जातो आणि शेवटी ताटात येतो. जपानमधल्या मिनामाता उपसागराच्या काठावरच्या कोळ्यांना जो आजार झाला, ज्याची अधिकृत नोंद 1956 साली झाली, त्याचे मूळ कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेल्या पाऱ्यात होते.

एखाद्या घरात एक बल्ब फुटला म्हणून त्या घरावर संकट कोसळले असे आम्ही म्हणत नाही. नीट हवा खेळती ठेवली आणि नीट उचलले तर धोका फार थोडा राहतो. लोकांना घाबरवणे हा आमचा हेतू नाही. प्रश्न त्या माणसाचा आहे ज्याच्या हातात असे दिवे रोज फुटतात.

तो माणूस आम्ही रोज पाहतो, कारण तो आमचाच सभासद आहे. चार फुटांची ट्यूब घंटागाडीच्या कप्प्यात मावत नाही. आडवी ठेवली तर बाहेर डोकावते आणि मागून येणाऱ्या दुचाकीला लागेल अशी भीती. मग तिचे एक टोक गाडीच्या कडेवर आपटले जाते. फट्‌ असा आवाज होतो, पांढरा धूर दिसल्यासारखी भुकटी उडते आणि उरलेली काच पोत्यात जाते. पुढे सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये बसलेल्या बाया त्याच पोत्यातून पुठ्ठा आणि प्लॅस्टिक निवडतात. ट्यूबच्या दोन टोकांना अॅल्युमिनियमच्या टोप्या असतात, सीएफएलच्या बुडात सर्किट असते आणि त्यात तांब्याची छोटी गुंडाळी. त्या चार पैशांसाठी काच दगडावर ठेचली जाते. हे काम बहुतेक वेळा उघड्या हातांनी होते, आणि त्याच हातांनी दुपारी भाकरी मोडली जाते. धरून चालू की एका मोठ्या शहरातल्या 1 लाख घरांतून वर्षाला एकेक सीएफएल बाहेर पडतो. 5 मिलिग्रॅमच्या हिशेबाने तो अर्धा किलो पारा झाला. तो घराघरांत वाटलेला असतो तोवर नगण्य वाटतो, पण शेवटी तो सगळा ठरावीक काही शेडमध्ये, ठरावीक काही माणसांच्या नाकातोंडाशी येऊन जमतो.

पारा लागलेली काच भंगारात गेल्यावर काय होते याचा धडा या देशाने एकदा घेतला आहे. 2001 साली तमिळनाडूतल्या कोडाईकनालमध्ये थर्मामीटरच्या कारखान्यातली पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडली. कारखाना बंद झाला. 2003 साली तिथला पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला पाठवावा लागला. कामगारांना भरपाईसाठी 2016 पर्यंत झगडावे लागले, आणि मातीच्या सफाईचा वाद त्यानंतरही चालू राहिला. तिथे निदान एक कारखाना होता, एक मालक होता, जाब विचारायला एक फाटक होते. आमच्या फुटलेल्या ट्यूबसाठी फाटकच नाही.

कायदा काय म्हणतो

कायद्यात याचा विचार झालेला नाही असे म्हणता येत नाही. 2016 च्या ई-कचरा नियमांनी सीएफएल आणि पारा असलेले इतर दिवे प्रथमच ई-कचऱ्यात घेतले आणि ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. ग्राहकाकडून आधी ठेव घेऊन दिवा परत आणल्यावर ती परत द्यावी, अशी तरतूदही त्यात होती. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी निकामी सीएफएल आणि ट्यूब यांना घरगुती घातक कचरा म्हटले आणि दर 20 चौरस किलोमीटरला अशा कचऱ्याचे एक स्वीकार केंद्र काढण्यास, त्याच्या वेळा जाहीर करण्यास स्थानिक संस्थांना सांगितले. 1 एप्रिल 2026 पासून लागू असलेल्या नव्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे कचऱ्याचे चार भाग आहेत. दिवे या चौथ्या भागात येतात.

त्या 20 चौरस किलोमीटरचा हिशेब मांडून पाहावा. पुणे महापालिकेची हद्द 500 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिथे सुमारे पंचवीस केंद्रे हवीत. मुंबईत बावीस-तेवीस. तालुक्याच्या ठिकाणच्या नगरपरिषदेला एक तरी हवेच. आपल्या गावातले असे केंद्र कुठे आहे आणि ते किती वाजता उघडते, हे आपल्यापैकी किती अधिकाऱ्यांना स्वतःच्या घरच्या ट्यूबसाठी ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही नम्रपणे विचारतो.

2022 च्या ई-कचरा नियमांनी एक अडचण वाढवली आहे. नोंदणीची साखळी आता वस्तू बनवणारा, ती बाजारात आणणारा, दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा यांच्यापुरती आहे. गोळा करणाऱ्याला तिच्यात वेगळे स्थान उरलेले नाही. शिवाय उत्पादकाला आपली जबाबदारी पार पाडल्याचे प्रमाणपत्र मिळते ते सोने, तांबे, लोखंड आणि अॅल्युमिनियम या धातूंच्या हिशेबाने. ट्यूबमध्ये सोने नाही. तांबे, अॅल्युमिनियम नाममात्र. जो पारा बाहेर काढणे सर्वांत गरजेचे, त्याला या बाजारात भावच नाही. मग कोणी पुनर्प्रक्रिया करणारा गल्लीबोळांतून नाजूक काच गोळा करत का फिरेल? जुना मोबाइल आणि जुना संगणक उचलायला माणसे दारात येतात. ट्यूब घ्यायला कोणी येत नाही.

आत्ताच का

भारताने 2018 साली मिनामाता कराराला मान्यता दिली. 2022 मध्ये बाली येथे आणि 2023 मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या बैठकांत या करारातील देशांनी दिव्याच्या प्रकारानुसार सीएफएलसाठी 2025 व 2026 आणि ट्यूबसाठी 2026 व 2027 या मुदती ठरवल्या. त्यानंतर असे दिवे बनवायचे नाहीत, आयात-निर्यात करायचे नाहीत. निर्णय योग्यच आहे. पण ही बंदी कारखान्यावर आणि बंदरावर आहे, आमच्या भिंतीवर नाही. शाळांच्या वर्गांत, एस.टी. स्थानकांत, सरकारी दवाखान्यांत, चाळींच्या जिन्यांत आज लागलेल्या ट्यूब येत्या काही वर्षांत एकेक करून जाणार. पारा असलेल्या दिव्यांची ही शेवटची मोठी लाट आहे. ती चालू असताना परत घेण्याची व्यवस्था झाली नाही तर पुढे व्यवस्था करायला दिवे उरणार नाहीत. पारा तेवढा मातीत उरेल.

आमच्या मागण्या

मागणी 1. दुकानातच परत घेणे. विजेचे सामान विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने आणि मॉलने निकामी ट्यूब व सीएफएल, कोणत्याही कंपनीचे आणि कुठूनही घेतलेले, विनामूल्य स्वीकारावेत.

हे अवघड आहे असे सांगितले जाते, पण याची निम्मी वाट आधीच पडलेली आहे. आपल्याकडे एलईडी बल्ब घेतला की दुकानदार त्याच्या बुडाशी पेनाने तारीख लिहून देतो. मुदतीच्या आत बल्ब गेला तर तो बल्ब घेऊन दुसरा देतो. गेलेला बल्ब वितरकाकडे आणि तिथून कंपनीकडे जातो. म्हणजे निकामी दिवा ग्राहकाच्या हातून कंपनीपर्यंत परत नेणारी साखळी रोज चालू आहे. वॉरंटीतला दिवा या वाटेने जाऊ शकतो तर वॉरंटी संपलेलाही जाऊ शकतो. माल घेऊन येणारा टेम्पो परत जाताना रिकामाच जातो. कंपनीने दुकानात झाकणाची उभी पेटी ठेवावी, ट्यूबसाठी पुठ्ठ्याच्या खोळी द्याव्यात आणि महिन्यातून एकदा पेटी उचलावी. दुकानदाराला दर नगामागे हाताळणीचे पैसे मिळावेत. त्याच्यावर याचा बोजा टाकला तर तो पेटी मागच्या गोदामात सरकवून ठेवेल, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदार आनंदाने घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतो, कारण तिच्यातल्या शिशाला भाव आहे. पाऱ्याला भाव नाही म्हणून इथे नियम हवा. ठेवीची योजना नव्या मालावर चालते. बाजारातून निघून चाललेल्या दिव्यावर ठेव घ्यायची कुठून? म्हणून आमची सूचना वेगळी आहे. धड, न फुटलेली जुनी ट्यूब किंवा सीएफएल आणून देणाऱ्याला नव्या एलईडीच्या किमतीत ठरावीक सूट मिळावी. ती किती असावी हे शासनाने कंपन्यांशी बोलून ठरवावे. मात्र हातात ट्यूब धरून दुकानापर्यंत चालत जावेसे वाटेल एवढी ती असावी. काल सीएफएल विकणाऱ्या बहुतेक कंपन्याच आज एलईडी विकतात, त्यामुळे हा खर्च कोणी उचलावा याविषयी वाद होऊ नये. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी दारातून ट्यूब उचलणे व्यवहार्य नाही हे आम्ही मान्य करतो. त्यांनी आपला वाटा स्वीकार केंद्रांच्या खर्चात भरावा.

मागणी 2. स्वीकार केंद्रे. प्रत्येक स्थानिक संस्थेने दर 20 चौरस किलोमीटरला एक या प्रमाणात केंद्रे काढावीत. त्यांचा पत्ता आणि वेळ मालमत्ता कराच्या बिलावर छापावी. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने दिवे खाली येतात, तेव्हा त्याच्या आधीच्या पंधरवड्यात वॉर्डनिहाय संकलन मोहीम घ्यावी. ‘माझी वसुंधरा’ अभियानात गावांना गुण दिले जातात, त्यात गोळा झालेल्या दिव्यांच्या नगांना गुण असावेत. केंद्रांवर जमलेले दिवे पारा वेगळा काढणाऱ्या अधिकृत पुनर्प्रक्रिया कारखान्याकडे जावेत. असा कारखाना जवळ नसेल तर पाऱ्याचे स्थिरीकरण करून ते तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी यांसारख्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रांकडे जावेत. ट्यूबचा चुरा करायचाच असेल तर तो बंद यंत्रात, वाफ शोषून घेणारा कार्बन फिल्टर लावूनच करावा. उघड्यावर ट्यूब फोडणे सर्वत्र बंद व्हावे.

मागणी 3. कचरा उचलणाऱ्या कामगारांचे संरक्षण. ही मागणी आमच्या दृष्टीने पहिल्या मागणीइतकीच तातडीची आहे.

हातमोजे आणि मास्क वाटले की कामगाराचे संरक्षण झाले, असे समजण्याची पद्धत आहे. हातमोजे काचेपासून वाचवतात, ते हवेतच. पण कापडी मास्क पाऱ्याची वाफ अडवत नाही. इथे खरे संरक्षण एकच: दिवा फुटू न देणे. त्यासाठी प्रत्येक घंटागाडीला बाहेरच्या बाजूने ट्यूब उभी राहील असा झाकणाचा लांब नळकांडीसारखा कप्पा बसवावा आणि सीएफएलसाठी वेगळा डबा द्यावा. सुक्या कचऱ्यात मिसळून दिलेली ट्यूब नाकारण्याचा हक्क कामगाराला लेखी मिळावा. नाकारली म्हणून त्याच्यावर कारवाई होऊ नये. निवड शेडमधल्या आणि भंगाराच्या दुकानांतल्या कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत लघवीतल्या पाऱ्याची तपासणी असावी आणि तिचा अहवाल कामगाराच्या हातात, मराठीत, द्यावा. कंत्राटी कामगार यातून वगळले जाऊ नयेत. फुटलेली ट्यूब कंत्राट पाहत नाही.

पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून घरोघरचा कचरा गोळा करते. दारात येणारी, ओळखीची, घराघराशी बोलणारी माणसे हेच या कामातले सर्वांत मोठे भांडवल आहे. दिवे गोळा करण्याचे काम अशा कामगारांच्या संघटनांना दर नगामागे मोबदला ठरवून द्यावे. बाहेरून नवा कंत्राटदार आणण्याची गरज नाही.

मागणी 4. हिशेब नगांचा व्हावा. पारा असलेल्या दिव्यांसाठी उत्पादकांचे उद्दिष्ट धातूंच्या वजनावर न ठरवता किती नग धड परत आले यावर ठरावे आणि पारा वेगळा काढण्याला स्वतंत्र प्रमाणपत्र मिळावे, अशी शिफारस राज्य शासनाने केंद्राकडे करावी. नियमांच्या साखळीत गोळा करणाऱ्याला पुन्हा स्थान मिळावे, आणि दुकानातून केंद्रापर्यंत थोड्या नगांची वाहतूक करताना घातक कचऱ्याच्या परवान्यांचे लचांड मागे लागू नये.

मागणी 5. शासनाने आधी स्वतःचे घर पाहावे. शासकीय कार्यालये, शाळा, रुग्णालये, एस.टी. स्थानके आणि रस्त्यांवरचे दिवे बदलण्याच्या प्रत्येक निविदेत जुन्या दिव्यांच्या विल्हेवाटीची अट आणि तिचा पुरावा असावा. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांतही पारा असतो, हे निविदा काढणाऱ्यांच्या ध्यानात असावे. आजवर बदललेले दिवे कुठे गेले याचा खुलासा सर्व स्थानिक संस्थांनी प्रसिद्ध करावा.

मागणी 6. मराठीत सूचना. एलईडीच्या प्रत्येक खोक्यावर ‘जुनी ट्यूब किंवा सीएफएल फोडू नका, दुकानात परत द्या’ असे ठळक मराठीत छापावे. शाळेत पारा शिकवताना दिवा फुटल्यावर काय करायचे हेही शिकवावे.

मागणी 7. एलईडीचा दर्जा. एलईडीत पारा नाही, म्हणून तो निर्धोक समजून कसाही फेकला जातो. त्याच्या बुडात इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, उष्णता ओढणारे अॅल्युमिनियम असते, तोही ई-कचराच. आमच्या वायरमन सभासदांचा अनुभव असा की बहुतेक वेळा आतल्या दिव्याच्या टिकल्या शाबूत असतात आणि सर्किट जळालेले असते. स्वस्त बल्ब बंद ग्लोबमध्ये लावला, उष्णता साठली की काही महिन्यांत तो जातो. असा बल्ब विजेची बचत करतो आणि कचरा वाढवतो. बनवल्याची तारीख आणि वॉरंटी बल्बवरच छापावी, सर्किट बदलता येईल अशी रचना असावी, आणि मानक नोंदणी नसलेला माल बाजारातून उचलावा.

मागणी 8. मिरवणुकांत आणि रस्त्यावरच्या खेळांत अंगावर ट्यूब फोडण्याच्या प्रकारांवर बंदी असावी.

आम्ही काय करणार

केवळ मागून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. आमच्या सर्व सभासद संस्थांनी जिन्याखालची, ऊन-पाऊस आणि मुले यांच्यापासून दूर असलेली एक जागा ठरवून तिथे झाकणाचे उभे पिंप ठेवायचे आहे. ट्यूब तिच्या जुन्या पुठ्ठ्याच्या खोळीत घालूनच त्यात ठेवायची. चालू स्थितीतला सीएफएल केवळ जुना म्हणून काढून टाकू नये. तो जाईपर्यंत वापरावा, मात्र बाथरूममध्ये किंवा जिन्यात, जिथे दिवा सारखा चालू-बंद होतो, तिथे लावू नये. तिथे तो लवकर जातो. अभ्यासाच्या टेबलावरच्या, सहज पडणाऱ्या दिव्यात तो नको. बसवताना आणि काढताना, दिवा गार झाल्यावर, त्याचे बूड धरावे. नळ्या धरून पिळू नये.

आणि फुटलाच तर आमचे वायरमन घरोघर हे सांगणार आहेत: आधी मुलांना आणि पाळीव प्राण्यांना खोलीबाहेर न्या, पंखा आणि एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि दहा-पंधरा मिनिटे खोलीत कोणी थांबू नका. केरसुणी फिरवू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. दोन्हींनी पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काच आणि भुकटी गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, मग ओल्या कागदाने फरशी पुसा. हे सगळे, पुठ्ठा आणि कागदासकट, झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत भरा, बरणी घराबाहेर ठेवा आणि वर चिठ्ठी लावा. हात साबणाने धुवा. त्या बरणीचे पुढे काय करायचे, हे मात्र आमचा वायरमन आज सांगू शकत नाही. ते आपण सांगायचे आहे.

या मागण्यांवर प्रत्येक संबंधित विभागाने दोन महिन्यांच्या आत लेखी उत्तर द्यावे, आणि मागणी 1 व 3 यांवर उत्पादक, दुकानदार व कामगार यांच्यासह संयुक्त बैठक बोलवावी, अशी विनंती आहे. बैठकीस आम्ही स्वखर्चाने येऊ आणि घंटागाडीच्या कप्प्याचा नमुना बनवून सोबत आणू.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद